वाय-फाय दिसत नसेल तर

वर्ध्यात जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून देतो. येणारी मुलं बहुतेक आर्वी, पुलगाव, समुद्रपूरकडची. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा फॉर्म, सगळं ऑनलाइन. लॅपटॉपला नेट नसेल तर त्यांचं कामच अडतं. म्हणून "सर, वाय-फाय दिसूनच नाही राहिलं" असा फोन आला की मी हातातलं बाजूला ठेवतो.

१. कार्ड मेलं असं लगेच धरू नका. वाय-फाय कार्डात स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. त्याला चालवणारा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. बऱ्याच कार्डांत तो कायमचा साठवलेला नसतो. लॅपटॉप सुरू झाला की ड्रायव्हर डिस्कवरून फाइल उचलतो आणि कार्डात भरतो. फाइल नसली की चांगलं कार्डही गप्प बसतं. नवीन घ्यायला नागपूरला बर्डीवर जाण्याआधी हे तपासा.

२. मशीन काय सांगतं ते वाचा. माझ्या मते अर्धं काम इथेच होतं, आणि हीच पायरी सगळे गाळतात. व्हिडिओत दिसेल ती कमांड मारत सुटतात. टर्मिनलमध्ये 'सुडो डीमेसग' चालवा आणि 'फर्मवेअर' शब्द असलेल्या ओळी शोधा. तिथे हव्या त्या फाइलचं पूर्ण नाव असतं आणि शेवटी 'एरर -२'. वजा दोन म्हणजे फाइल सापडली नाही. मात्र इंटेलचा ड्रायव्हर सगळ्यात नव्या आवृत्तीपासून एकेक पायरी खाली उतरत शोधतो. त्यामुळे अशा बऱ्याच ओळी येऊन शेवटी 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' आलं, तर फाइल मिळालेली आहे. दुखणं दुसरीकडे शोधा.

३. लॅपटॉपच्या मॉडेलवरून कार्ड ओळखू नका. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी कार्डं निघतात. 'एलएसपीसीआय -एनएन' दिलं की आयडी दिसतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम. ब्रॉडकॉम निघालं तर पुढचा नंबरही नीट उतरवून घ्या. काही कार्डांना 'बी४३' ड्रायव्हर आणि त्याचं फर्मवेअर लागतं. बीसीएम४३१४२ सारख्याला ते लागू पडत नाही, त्याला कंपनीचा 'डब्ल्यूएल' ड्रायव्हरच हवा.

४. नेट लावायलाच नेट लागतं, त्याची सोय आधी करा. बी४३ चं फर्मवेअर वाटायची परवानगी नाही, म्हणून डेबियन लिनक्सचं पॅकेज ते इन्स्टॉल होताना नेटवरून उतरवतं. अशा वेळी अँड्रॉइड मोबाइल यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्सला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. केबल मात्र डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगची चालत नाही. गावात रेंजच नसेल तर लागणारी पॅकेजेस वर्ध्यातूनच पेनड्राइव्हवर न्यावीत. डेबियनने २०२२ मध्ये मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून मुक्त नसलेलं फर्मवेअरही अधिकृत आयएसओमध्ये दिलं. मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वाला मुरड घातली असं काहींना वाटलं. मला तो निर्णय मनापासून पटला. खेड्यातल्या पोराला पहिल्याच दिवशी वाय-फाय मिळणं महत्त्वाचं. जुन्या आयएसओचे पेनड्राइव्ह असतील तर पुसून टाका.

५. टर्मिनलमध्ये 'आरएफकिल लिस्ट' चालवून बघा. 'हार्ड ब्लॉक्ड: येस' असेल तर आधी लॅपटॉपवरचं वाय-फायचं बटण तपासा.

६. डब्ल्यूएल टाकताना सिक्युअर बूट चालू असेल तर उबुंटू एक पासवर्ड ठरवायला लावतं. रिस्टार्टनंतर निळा स्क्रीन येतो आणि दहा सेकंदांत निघून जातो. तो येताच कुठलीही की दाबा, 'एनरोल एमओके' निवडा, तोच पासवर्ड द्या. हे राहिलं तर ड्रायव्हर डिस्कवर असूनही कर्नल तो घेत नाही.

७. डब्ल्यूएल ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी नव्याने कंपाइल होतो. अपडेटनंतर वाय-फाय गेलं तर बूट मेनूतून जुना कर्नल निवडा. त्यावर लागलं, तर कार्ड शाबूत आहे. बहुतेक वेळा नव्या कर्नलची हेडर्स टाकायची राहिलेली असतात. जुन्याच कर्नलवर नेट चालू ठेवून ती उतरवून घ्या.