सदतीस टक्के आणि केप्लरची पाचवी

(मुक्तासाठी घरात स्थळं बघणं सुरू आहे. मामा संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. पोह्यांच्या बश्या उचलून झाल्यावर दोघं बाल्कनीत बसलेत.)

मुक्ता : मामा, ऑफिसातला एक जण म्हणतो, लग्नाचा निर्णय गणितानं घ्यावा. १०० स्थळं असतील तर पहिली ३७ बघायची आणि नाकारायची. मग त्या सगळ्यांहून सरस असा पहिला जो येईल, त्याला डोळे झाकून होकार. थापा मारतोय ना?

मामा : थापा नाहीत गं, सिद्ध झालेलं गणित आहे. १९६०मध्ये मार्टिन गार्डनरनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या त्याच्या सदरात हे कोडं छापलं आणि ते सगळीकडे पोचलं. १ला २.७१८नं भागलं की येतात ते हे ३७ टक्के.

मुक्ता : पण त्या पहिल्या ३७ जणांनी काय घोडं मारलं?

मामा : काहीच नाही. त्यांच्यावरून तुझा अंदाज बसतो. पहिल्यालाच हो म्हटलंस, तर चांगला कशाला म्हणायचं हे कळायच्या आत लग्न. नव्वदाव्यापर्यंत थांबलीस, तर चांगला केव्हाच बोहल्यावर चढलेला. दोन्ही धोके सांभाळणारी जागा ३७वर येते.

मुक्ता : मग सगळ्यात चांगला मिळतो?

मामा : मिळण्याची शक्यता किती? पुन्हा ३७ टक्केच! आणि पुढचं कुणी सांगत नाही. सगळ्यात चांगला पहिल्या ३७ जणांतच येऊन गेला असेल, तर पुढे त्याच्याहून सरस कुणी येणारच नाही. तू बघत बघत शंभराव्यापाशी पोचणार आणि तो कसाही असला तरी पदरात घेणार. ही शक्यताही ३७ टक्के.

मुक्ता : अरे देवा! हे कुणी करून तरी पाहिलंय?

मामा : नियम माहीत नसताना केप्लर त्याच्या जवळपास गेला होता. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात म्हणणारा तो. १६११मध्ये त्याची पहिली बायको वारली. पुढच्या दोन वर्षांत त्यानं ११ जणींचा विचार केला आणि १६१३च्या ऑक्टोबरात एका उमरावाला लांबलचक पत्र लिहून एकेकीची हकीकत कळवली. एकीच्या तोंडाला वास येतो, इथपर्यंत! मित्रांचा आग्रह चौथीसाठी, कारण घराणं मोठं. यानं केली पाचवी, सुझाना, आईबापांविना वाढलेली. आता गंमत बघ. ११ स्थळं असतील तर गणित सांगतं, चार सोडा आणि पाचवीपासून निवडायला लागा.

मुक्ता : म्हणजे नियम खरा ठरला!

मामा : छे, योगायोग. पाचवीनंतरही त्यानं सहा जणी बघितल्या आणि मग तो मागे फिरला. नियमात मागे फिरायची सोयच नाही. पुण्यात भाड्याचा फ्लॅट बघताना तो नियम बरोबर लागू पडतो. सकाळी टोकन दिलं नाहीस, तर संध्याकाळी दुसरा कुणी चावी घेऊन मोकळा. माणसांचं तसं नसतं. ‘कळवतो’ म्हणून गेलेली मंडळी महिन्याभरानं पुन्हा फोन करतात की नाही? शिवाय त्या गणितात मुलगा तुला कधीच नकार देत नाही. आणि दोन नंबरचा मुलगा म्हणजे थेट शून्य. असा हिशेब ठेवून कुणी संसार करतं का?

मुक्ता : मग कसं ठरवायचं?

मामा : हर्बर्ट सायमन म्हणून एक होता, १९७८चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. तो म्हणायचा, माणूस सर्वोत्तम शोधत बसत नाही, पुरेसं चांगलं मिळालं की थांबतो. आपल्या गुरुजींचंही तेच. ३६पैकी १८ गुण जुळले की पत्रिका जुळली. पत्रिकेवर माझा काडीचा विश्वास नाही, पण पास होण्याची रेघ आधी आखून ठेवायची पद्धत मला पटते.

मुक्ता : माझे १८ गुण कुठले, ते मला कुठे माहितीये!

मामा : बायोडेटात तर नक्कीच नाहीत. उंची, पॅकेज, स्वतःचा फ्लॅट हे मित्रमंडळींच्या नजरेचे गुण. केप्लरच्या घरात आई नसलेली मुलं होती. म्हणून सुझाना काटकसरी आहे, कष्टाळू आहे आणि सावत्र मुलांना माया लावेल, हे त्यानं बघितलं. तुझ्या घरात काय आहे? ताई, म्हणजे तुझी आई, एकटी आहे, आणि तुझी नोकरी बदलीची. त्याबद्दल किती मुलांना विचारलंस?

मुक्ता : एकालाही नाही. पहिल्याच भेटीत कसं विचारणार?

मामा : दुसऱ्या भेटीत विचार. पण विसाव्या स्थळापर्यंत थांबू नकोस.

मुक्ता : आणि या रेघेवर दोघंतिघं उतरले तर?

मामा : तर तुला आवडेल तो. तिथे गणिताचं काम संपलं. केप्लरनंही गुणांच्या यादीत सुझानाचं प्रेम धरलं होतं. ३० ऑक्टोबर १६१३ला त्यांचं लग्न झालं आणि १६३०मध्ये तो वारला, तोवर संसार टिकला.