न भरणारी जखम आणि रक्तातले कारागीर



उरणची मिठागरे असोत, अलिबाग-मुरुडकडची भातखाचरे असोत की मासळीचा धक्का. कामावर पायाला शिंपला, काच, काटा लागतोच. आठवडाभरात जखम भरते. पण साखरेचा आजार असेल तर तीच जखम महिनोन्महिने चिघळते. वेळेवर उपचार न झाल्यास बोट, कधी पायही कापावा लागतो. कमावत्या माणसाचा पाय गेला की घरच बसते. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत पायांच्या दुखण्याने त्यांना फार सतावले. म्हणून या वेळी जखमेविषयी बोलू.

जखम भरते कशी?

डेंग्यू झाला की आपण "प्लेटलेट किती?" असे विचारतो. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. कापले की त्या तिथे जमून रक्त थांबवतात. शिवाय त्या वाढीची प्रथिने सोडतात. ही प्रथिने आजूबाजूच्या पेशींना नवी कातडी बांधायला लावतात. मधुमेहात पायाचा रक्तपुरवठा कमी होतो, नसा बधिर होतात, जंतू लवकर वाढतात. मग हे काम अडते. पाय बधिर असल्याने जखम झाल्याचे कळतही नाही.

नवे संशोधन काय सांगते?

रक्त यंत्रात फिरवून प्लेटलेटने भरलेला पिवळसर द्रव वेगळा काढता येतो. पण तो नुसता लावला तर त्यातली प्रथिने लवकर निघून जातात. २०१७ साली रशिया आणि चेक प्रजासत्ताकातील शास्त्रज्ञांनी यावर एक वाट शोधली. शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या प्लास्टिकचे, केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही बारीक धागे घेऊन त्यांची जाळी केली. तिच्यावर असा थर दिला की प्रथिने धाग्याला घट्ट बांधली जावीत. या जाळीवर माणसाच्या मूळ पेशी अधिक चांगल्या जगल्या आणि वाढल्या. मात्र हा प्रयोग प्रयोगशाळेतल्या पेशींवरचा होता, रुग्णाच्या जखमेवरचा नव्हे. म्हणून "नॅनो पट्टी"च्या नावाने कोणी हजारो रुपये मागितले तर आधी सरकारी डॉक्टरांना विचारा.

आज आपल्या हाती काय?

• मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहा. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांनी पाहावे.
• जखम स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने झाका. हळद, चुना, तंबाखू, राख लावू नका.
• मधुमेहींनी लहान जखमही दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात दाखवावी. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे. सूज, दुर्गंधी, काळेपणा किंवा ताप असेल तर त्याच क्षणी निघावे.
• अनवाणी फिरू नका. साखरेच्या गोळ्या मनाने बंद करू नका.

आजारी भिक्खू घाणीत पडलेला पाहून तथागतांनी स्वतः पाणी ओतले आणि आनंदासह त्याला स्वच्छ केले. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की आपणही वस्तीतल्या वडीलधाऱ्यांचे पाय तपासू या. या कामाला ना यंत्र लागते, ना पैसा.