जुन्या लॅपटॉपची किंमत कशी धरावी?

सभासद बंधूंनो, परभणीत शिकणाऱ्या मुलासाठी जुना लॅपटॉप घेताना मूळ बिलाला भुलू नका. आम्ही भुललो, महिन्यात बॅटरी बसली! आयकराच्या हिशेबात संगणकाचा घसारा दरसाल शिल्लक किमतीवर ४० टक्के धरतात. म्हणजे ४०,००० चा माल तीन वर्षांनी ८,६४० वर येतो. हा झाला कागदाचा आकडा. बाजारभाव मालाच्या स्थितीवर.

बैलाचे दात बघितल्याशिवाय आपण दाव्याला हात लावत नाही. इथे दात म्हणजे प्रोसेसरची पिढी. इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक यंत्रांना विंडोज ११ रीतसर बसत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तिथे भाव पाडूनच मागा. मग चार्जर काढून अर्धा तास चालवा; बंद पडला तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करा.