औषधाचं नाव, बॅच नंबर आणि आपलं बिल



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक ताई गप्प गप्प बसली होती. विचारलं तर म्हणाली, दोन दिवसांपासून ताप आहे, गोळ्या चालू आहेत. पिशवीतून तिनं दोन वेगवेगळी पाकिटं काढली. एक दवाखान्यातलं, एक दुकानातलं. म्हणाली, "एक तापाची, अन् एक अंगदुखीची. दोन्ही घेतो मी दिवसातून तीनदा." मी मागची बारीक अक्षरं वाचली. दोन्हीवर एकच शब्द होता, पॅरासिटामॉल. म्हणजे तिच्या पोटात दुप्पट औषध जात होतं. पॅरासिटामॉल जास्त झालं तर लिव्हर खराब होतं. तिला तिथूनच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. म्हणून या अंकात हा विषय.

एका औषधाला दोन नावं

पाकिटावर एक नाव कंपनीनं ठेवलेलं असतं. दुसरं नाव खऱ्या औषधाचं, त्याला जेनेरिक नाव म्हणतात. क्रोसिन, कालपोल, डोलो ही कंपन्यांची नावं, आत पॅरासिटामॉलच. जेनेरिक नाव छापणं बंधनकारक आहे. घरात दोन पाकिटं असली की आधी हे नाव जुळवून पाहा. जनऔषधी केंद्रात याच नावानं औषध स्वस्त मिळतं.

परवानगी कोण देतं?

आपल्याकडे यासाठी 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे. नवीन औषध आधी प्राण्यांवर, मग टप्प्याटप्प्यानं माणसांवर तपासतात. ते निकाल पाहून दिल्लीचे भारतीय औषध महानियंत्रक मंजुरी देतात. कारखान्याचा परवाना साधारणपणे तो ज्या राज्यात आहे तिथलं सरकार देतं. दुकानाचा परवाना आणि तपासणी आपल्याकडे अन्न व औषध प्रशासन बघतं.

मग विष आलं कुठून?

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात परासिया भागातल्या लहान मुलांना सर्दी-खोकला झाला. कोल्ड्रिफ नावाचं सिरप दिलं गेलं. काही दिवसांत मुलांची लघवी बंद झाली, किडन्या निकामी झाल्या. कितीतरी मुलांना आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्ये आणि इतर दवाखान्यांत आणलं होतं. वीसहून जास्त लेकरं गेली.

सिरप तामिळनाडूतल्या कांचीपुरमच्या कारखान्यात बनलं होतं. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत त्यात 48.6 टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं. हे कारखान्यात वापरायचं रसायन आहे, औषधात 0.1 टक्क्याच्या वर चालत नाही. पुढे त्या कारखान्याचा परवाना रद्द झाला. महाराष्ट्रात हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाच्या भेसळीनं 14 रुग्ण गेले. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला होता.

तुम्ही म्हणाल, बाटलीवर विषाचं नाव थोडंच लिहिलेलं होतं? खरं आहे. विष ओळखणं घरी शक्य नाही, ते प्रयोगशाळेचंच काम. पण विष सापडल्यावर नेमकी कोणती बाटली वापरायची नाही, हे बॅच नंबरवरूनच कळलं. आपल्या राज्याच्या प्रशासनानं तेव्हा बॅच नंबर एसआर-13 असं सांगूनच सावध केलं. एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या आपल्या तायांना हे पटकन समजेल: एका वेळी बनलेल्या मालाला एक नंबर. लेबल फाडून टाकलं, औषध दुसऱ्या बाटलीत ओतलं, की हा धागाच तुटतो.

घरात एवढं पाळा

- औषध घेताना जेनेरिक नाव, बॅच नंबर, बनवल्याची आणि संपायची तारीख वाचा.
- बिल मागाच. बिलावर बॅच नंबर असतो. "दहा रुपयांच्या गोळीचं काय बिल?" म्हणून लाजू नका.
- गोळ्या कापताना नाव-तारखेचा भाग शेवटी कापा.
- लाल पट्टी किंवा आरएक्स खूण असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्याही नकोत.
- दोन वर्षांखालच्या लेकरांना खोकल्याचं सिरप देऊ नये, पाच वर्षांखाली शक्यतो टाळावं, असं केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितलं आहे. मोठ्या मुलांनाही डॉक्टरांना विचारूनच द्या.
- औषधानंतर लेकराची लघवी कमी झाली, उलट्या झाल्या किंवा ते सुस्त पडलं, तर वाट पाहू नका. बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा.
- औषधाबद्दल शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर 1800222365.

पुढच्या बैठकीसाठी

प्रत्येकीनं घरातलं एक पाकीट किंवा बाटली आणायची. ज्यांना वाचता येतं त्यांनी बाजूच्या ताईला वाचून दाखवायचं: नाव काय, बॅच कोणता, तारीख कधीची. तारीख गेलेली किती निघाली ते सचिवांनी वहीत लिहायचं. कर्जाचा हप्ता आपण दोनदा मोजून घेतो ना? मग लेकराच्या तोंडात जाणारं औषध एकदा तरी वाचूनच देऊ.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, हिंगणा