घणसोलीची सकाळ : रहदारीचा एक पाठ

घणसोली हें ठाण्याच्या खाडीलगतचें आगरी व कोळी लोकांचें जुनें गांव होय. येथील गल्ल्या पायीं चालणारांसाठीं होत्या. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि पुढें या गांवाभोंवतीं नवी मुंबई उभी राहिली. वस्ती अनेक पटींनीं वाढली; परंतु दोहों बाजूंस घरें असल्यानें गल्ली कांहीं रुंद झाली नाहीं.

आतां दाटी कां होते, हें आपण पाहूं. रस्त्याची अरुंदी हें एक कारण खरें. पण तेवढेंच नव्हे. शाळा, कचेऱ्या व कारखाने यांच्या वेळा जवळजवळ सारख्या असल्यानें सर्वजण एकाच वेळीं बाहेर पडतात. शिवाय, कडेला उभ्या केलेल्या वाहनांनीं अर्धा रस्ता अडतो. एक सोपें गणित करूं. ५० माणसें एका बसमध्यें मावतात. तींच दोन-दोन करून मोटारींतून निघालीं, तर २५ मोटारी लागतील. प्रत्येकीस ६ मीटर जागा धरल्यास १५० मीटर रस्ता भरेल!

२००४ सालीं ठाणें–वाशी लोकलगाडी सुरू झाली. तिनें मोठा भार उचलला. तरी घर ते स्थानक हा लहानसा टप्पा उरतोच, आणि गर्दी तेथेंच सांचते.

रस्त्यावर खोळंबलेला वेळ येतो कोठून? आमच्या घरांतूनच. वडील उशिरां परतले, कीं आमच्या अभ्यासाची व गोष्टींची घटका बुडते. रुग्णास न्यावयाचें असल्यास तर एकेक क्षण मोलाचा. म्हणून जवळचें अंतर आपण पायींच चालूं आणि आपलें वाहन दुसऱ्याच्या वाटेंत उभें न करूं.