लॅपटॉप कोणता घ्यावा, याच्या आधीचा प्रश्न

बारावीचा निकाल लागला, प्रवेशाची धावपळ संपली, की पालकांचा पहिला फोन ठरलेला. “सर, मुलीला कॉम्प्युटर सायन्सला घातलंय. लॅपटॉप कोणता घेऊ? महागातलाच घ्यावा लागेल का?” फी भरतानाच घराची ओढाताण झालेली असते आणि त्यात हा खर्च. म्हणून या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. पण सॉफ्टवेअरमधलं करिअर ज्याच्यावर उभं राहतं, ते दुकानात विकत मिळत नाही. त्याबद्दल नंतर सविस्तर सांगतो.

पैसे कुठे घालावेत

१६ जीबी रॅम मिळाली तर उत्तम. नाही तर ८ जीबीवर सुरुवातीची वर्षं निभावतात. एसएसडी मात्र हवीच, तिच्यावाचून चांगलं मशीनही रखडतं. वेगळ्या ग्राफिक्स कार्डासाठी जादा पैसे मोजू नका. मशीन लर्निंग शिकायची वेळ आली, तर गूगल कोलॅबवर ब्राउझरमधूनच मोठ्या यंत्राचा मर्यादित वापर फुकट करता येतो. कंपन्यांमधून बाहेर पडलेला, नीट तपासलेला जुना लॅपटॉपही चालतो. घेताना बॅटरी आणि कीबोर्ड पाहून घ्या आणि पक्की पावती मागा.

वाचलेल्या पैशांतून एक बरी खुर्ची आणि बाहेरचा साधा कीबोर्ड घ्या. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवली की स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत येतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब पाहायचं. या व्यवसायात मान, मनगट आणि डोळे चाळीस वर्षं वापरायचे आहेत.

अवजारं फुकट आहेत, हात तयार करावा लागतो

नोकरीत रोज लागणारी बहुतेक अवजारं विनामूल्य मिळतात. उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टीम फुकट आहे. कोड लिहायला व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचा एडिटरही फुकट आहे. पहिल्या वर्षात तीनच गोष्टींवर हात बसवा: टर्मिनल, डीबगर आणि गिट.

टर्मिनलच्या काळ्या खिडकीला मुलं बिचकतात. रोज पंधरा मिनिटं फाइल शोधणं, हलवणं, प्रोग्राम चालवणं एवढं त्यातून केलं, तरी महिन्याभरात भीती जाते. डीबगरने प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवता येतो आणि त्या क्षणी कोणत्या चलात कोणती किंमत आहे, हे डोळ्यांनी दिसतं. अंदाजाने ओळी बदलत बसण्याची सवय त्यामुळे सुटते.

गिट म्हणजे तुमच्या कामाची बखर. प्रत्येक टप्प्याला ‘कमिट’ केलं की काय बदललं, कोणी, कधी आणि का, याची नोंद राहते. यातला ‘का’ मात्र आपण स्वतः लिहायचा असतो. ‘बदल केला’ असा संदेश लिहिणाऱ्या मुलाला तीन महिन्यांनी स्वतःचाच कोड परका वाटतो. ‘शून्य लिटर दूध असलेल्या दिवशी सरासरी चुकत होती, ती दुरुस्त केली’ असं लिहिणाऱ्याला तसं होत नाही.

हे गिट आलं कुठून, तेही ऐकण्यासारखं आहे. लिनस टोरवाल्ड्स १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकत होता. घरच्या ३८६ पीसीवर त्याने लिनक्सचं काम सुरू केलं आणि ऑगस्टमध्ये एका छोट्या संदेशात इतरांना कळवलं की मी असं काही करतोय, तुम्हाला त्यात काय हवंय ते सांगा. जगभरातून हात येऊन मिळाले. पुढे या हजारो हातांच्या कामाची नोंद ठेवायला साधन हवं होतं, म्हणून २००५ मध्ये त्यानेच गिट बनवलं. आपलं काम लिहून दुसऱ्याला सांगणं हा या क्षेत्रात कामाचाच भाग आहे, तो असा पहिल्यापासून.

तीन बाइटांची गोष्ट

बीसीएच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. तिच्या वडिलांचं गावात दूध संकलन. तिने पायथनमध्ये हिशेबाचा प्रोग्राम लिहिला होता: नाव, लिटर, फॅट, रक्कम. सगळं सीएसव्ही फाइलमध्ये उतरायचं. नोटपॅडमध्ये नावं स्वच्छ दिसत, पण तीच फाइल एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हांची रांग. दोन संध्याकाळी ती त्यातच अडकली होती.

कारण सापडलं ते असं: फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) होती, पण तशी खूण फाइलच्या सुरुवातीला नसल्याने एक्सेल ती दुसऱ्याच पद्धतीने वाचत होतं. फाइल लिहिताना ‘यूटीएफ-८-सिग’ असं एन्कोडिंग दिलं की सुरुवातीला तीन बाइटांची खूण पडते आणि नावं जशीच्या तशी दिसतात. दुरुस्ती एका शब्दाची होती.

मी तिला एवढंच सांगितलं, “हे आज रात्रीच लिहून काढ.” तिने पानभर लिहिलं: मला काय करायचं होतं, काय झालं, मी काय काय करून पाहिलं, शेवटी काय चाललं आणि का चाललं. तोच तिचा पहिला तांत्रिक लेख. गिटमधलं काम इंटरनेटवर ठेवायची जागा म्हणजे गिटहब; त्याच्या ‘पेजेस’वर तो विनाखर्च प्रसिद्ध झाला. पुढे नोकरीच्या मुलाखतीत सगळ्यात जास्त वेळ बोलणं झालं ते याच पानावर. गुणपत्रिका सगळ्यांकडेच असते, पण अडचण कशी सोडवली हे दाखवणारं पान फार थोड्यांकडे असतं.

तुम्हीही त्याच पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. महिन्याला दोन लेख पुरेत. मराठीत सुचलं तर मराठीत लिहा, मग तेच इंग्रजीत मांडून पाहा. नोकरीला लागणारी इंग्रजी त्यातूनच सुधारते. लिहायला लागलं की आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही, ते कळतं. एक पथ्य मात्र पाळा: पासवर्ड, गुप्त की आणि दुसऱ्याची खासगी माहिती कधीही गिटहबवर टाकू नका.

एआय सगळं लिहून देईल, मग शिकायचं कशाला?

ही भीती आता प्रत्येक घरात आहे आणि ती अनाठायी नाही. एआय साधनं कोड झटपट लिहून देतात. पण तो बरोबर आहे का, हे ठरवणारा माणूस लागतोच. म्हणून नियम ठेवा: आधी अर्धा तास स्वतः झगडा, मग विचारा. मिळालेल्या उत्तरातली प्रत्येक ओळ दुसऱ्याला समजावता आली, तरच ती आपल्या प्रोग्राममध्ये घ्या. लिहिण्याची सवय असलेल्या मुलांना हे जमतं, कारण ‘का’ विचारायची त्यांना सवय असते.

पालकांसाठी

मूल तासन् तास स्क्रीनसमोर बसलेलं दिसतं आणि ते अभ्यास करतंय की वेळ घालवतंय, हे तुम्हाला कळत नाही. कोडिंग तुम्हाला येत नसलं तरी चालेल. रात्री जेवताना “प्लेसमेंट कधी?” असं विचारण्याऐवजी “आज काय अडलं होतं आणि कसं सुटलं?” एवढं विचारा. सुरुवातीला दोन शब्दांत उत्तर येईल. पण रोज विचारलंत, तर हळूहळू ते तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगायला लागेल. त्या विद्यार्थिनीने तीन बाइटांची गोष्ट मुलाखतीत सांगण्याआधी दुधाची वही सांभाळणाऱ्या आपल्या वडिलांना समजावून सांगितली होती. मुलाखतीची तिची पहिली तयारी तिथेच झाली.