जयगडचा दृष्टांत : युद्धाचा पुरस्कार आणि लोकविश्वास

विषय

युद्ध करावे की करू नये, हा प्रश्न राज्यकर्त्यांचा आहे असे सामान्यतः समजले जाते. परंतु युद्धाचा निर्णय करणारा एक असतो आणि त्यात प्राण वेचणारे बहुधा दुसरेच असतात. यास्तव युद्धाचा पुरस्कार करणाऱ्या पुरुषावर लोक जो विश्वास टाकतात, ती एक ठेवच होय. ही ठेव द्रव्याची नसून प्राणांची असते. ती घेणाऱ्याचा धर्म कोणता आणि ती ठेवणाऱ्याने आधी काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे. केसोबासांच्या दृष्टांतपाठामुळे परिचित झालेली दृष्टांत व दार्ष्टांतिक ही रीत त्यासाठी येथे स्वीकारली आहे.

दृष्टांत

रत्नागिरी जिल्ह्यात शास्त्री नदी सागरास मिळते तेथे जयगडचा किल्ला आहे. विजापूरकर, संगमेश्वरचे नाईक, आंगरे आणि पेशवे असे त्याचे धनी एकामागून एक झाले. खाडीपलीकडे त्याचा सोबती विजयगड. जयगडाविषयी तेथे एक लोककथा सांगतात. बांधकाम चालू असता तट पुनःपुन्हा ढासळू लागला, तेव्हा जयबा नावाच्या एका तरुणाने आपला बळी देऊ केला. मग तट उभा राहिला आणि गडास त्याचे नाव मिळाले. नरबळीची ही कल्पना अधर्म्यच होय, यात संशय नाही. तथापि कथेतील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तट धन्याचा होता आणि प्राण जयबाचे होते.

आता इ. स. १८१७ चा प्रसंग पाहावा. त्या वर्षीच्या १३ जून रोजी दुसऱ्या बाजीरावावर इंग्रजांनी पुण्याचा तह लादला. तह जाचक होता. मराठी राज्याचे स्वातंत्र्य त्याने जवळजवळ नाहीसे केले. म्हणजे युद्धास कारण नव्हते असे म्हणता येत नाही. परंतु सैन्य जमवीत असता बाजीरावाने उघड कारण सांगितले ते पेंढाऱ्यांच्या बंदोबस्ताचे. कारभाराची सूत्रे त्याने बापू गोखल्यांच्या हाती लेखी सोपविली व आपण त्यांच्याच सल्ल्याने वागू असे वचन दिले, असे ग्रँट डफ सांगतो. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. पेशवा पर्वतीवर होता. सैन्य चालू लागल्यावर त्याचा धीर सुटला आणि पहिली तोफ आपल्याकडून डागू नये असा निरोप त्याने धाडला. तो पोहोचण्यापूर्वीच गोखल्यांनी लढाईस तोंड लावले होते.

पुढील कथा सर्वश्रुत आहे. १७ नोव्हेंबरला पुणे गेले. पेशवा पुढे आणि इंग्रज मागे, असे महिनेच्या महिने चालले. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढून लोकांच्या वतनांस, इनामांस व धर्मास धक्का लागणार नाही असे आश्वासन दिले. त्याच महिन्यात आष्टी येथे बापू गोखले लढता लढता पडले. साताऱ्याचे छत्रपती इंग्रजांच्या हाती लागले. पेशवा मात्र निसटला. मे महिन्यात रायगड पडला, तेव्हा पेशव्याची पत्नी वाराणसीबाई गडावर होती आणि पती दूर देशी होता. ३ जून रोजी वार्षिक आठ लक्ष रुपयांच्या नेमणुकीवर बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. त्यानंतर ब्रह्मावर्ती तो १८५१ पर्यंत जगला.

त्याच जून महिन्यात जयगड व विजयगड लढाईवाचून इंग्रजांच्या स्वाधीन झाले. जयबाचा तट तेव्हा शाबूत होता आणि खंदकही जागच्या जागी होता.

दार्ष्टांतिक

येथे कोणी अशी शंका घेईल की, हे शिबंदीचे भ्याडपण नव्हे काय? त्याचे समाधान असे. मदतीची आशा उरली नव्हती आणि आसपासचे गड पडत होते, ही कारणे खरीच. परंतु त्याहून मोठे कारण असे दिसते की, ज्याच्यासाठी मरावयाचे तोच आधी निघून गेला होता. तट दगडाने उभा राहतो, पण त्यावरचा मनुष्य विश्वासाने उभा राहतो. तो विश्वास जयगडावर ढासळला नाही; तो पर्वतीवर ढासळला, आणि त्याचा आवाज जयगडास सात महिन्यांनी ऐकू आला.

विश्वासाची ही ठेव तीन गोष्टींनी टिकते. पहिली गोष्ट, कारण खरे सांगणे. बाजीरावापाशी खरे कारण होते. पण ओठी पेंढारी आणि पोटी इंग्रज, अशी स्थिती झाली. खऱ्या कारणासही आडपडद्यात ठेवले की ते खोट्यासारखे दिसू लागते.

दुसरी गोष्ट, शमाचा यत्न मनापासून करणे. उद्योगपर्वात श्रीकृष्णचक्रवर्ती स्वतः हस्तिनापुरास शिष्टाईला गेले. अर्ध्या राज्याचा हक्क असता पाच गावांवर समाधान मानण्याची पांडवांची तयारी होती. दुर्योधनाने तेही नाकारले, तेव्हा युद्ध कोणी ओढवून घेतले हे उभय पक्षांस कळून चुकले. याउलट इ. स. २००३ मध्ये इराककडे महासंहारक अस्त्रे आहेत असे सांगून अमेरिका व ब्रिटन यांनी युद्ध केले. अस्त्रे सापडली नाहीत. शांततेचे मार्ग संपण्यापूर्वीच ब्रिटन युद्धात उतरले, असा निष्कर्ष तेथील चिल्कॉट चौकशीने २०१६ साली काढला. सत्य बाहेर आले ते तेरा वर्षांनी; गेलेले प्राण परत आले नाहीत.

तिसरी गोष्ट, परिणामात वाटेकरी होणे. श्रीकृष्णांनी शस्त्र न धरण्याची प्रतिज्ञा केली होती, तरी ते रथावर अर्जुनाच्या पुढे बसले. शत्रूचा बाण आधी सारथ्याकडे येतो. युद्धानंतर गांधारीचा शापही त्यांनी शांतपणे स्वीकारला. धृतराष्ट्र मात्र हस्तिनापुरात बसून संजयाच्या मुखाने युद्ध ऐकत राहिला. पर्वतीवरचा बाजीराव आणि राजवाड्यातला धृतराष्ट्र यांत फारसे अंतर नाही.

दुसरी शंका अशी : अहिंसाव्रती संन्याशास या विचाराशी काय कर्तव्य? त्याचे समाधान असे की, वासनिकांच्या घरची मुले सैन्यात जातात. त्यांचे मातापिता साधूपुढे बसून विचारतात, तेव्हा मौन हे उत्तर नव्हे. हिंसेचा दोष केवळ शस्त्र चालविणाऱ्यास लागतो असे नाही. विचार न करता जयघोष करणाराही त्यात भागीदार होतो. म्हणून आवेशाचे भाषण ऐकताना तीन प्रश्न मनाशी अवश्य करावेत. सांगितलेले कारण हेच खरे कारण आहे काय? शांततेचा मार्ग खरोखर चालून पाहिला काय? आणि बोलणारा स्वतः कोठे उभा राहणार आहे? असे प्रश्न करणे हा देशद्रोह नव्हे. जो नेता त्यांची उत्तरे देऊ शकतो, त्याच्या मागे लोक अधिक निश्चयाने उभे राहतात. बापू गोखल्यांबरोबर शेवटपर्यंत लढणारे लोक होतेच.

निष्कर्ष

लोकांचा विश्वास आज्ञेने मिळत नाही आणि भयाने टिकत नाही. ठेव घेणाऱ्याने ती आपल्या प्राणासमान जपावी; ठेवणाऱ्याने ती डोळे उघडे ठेवून द्यावी. जयगडाचा तट पाहावयास जाणाऱ्याने जयबाचे स्मरण करावे, आणि अशा जिवाची किंमत कोणाच्या शब्दावर दिली जाते, याचा विचार करावा.

दण्डवत प्रणाम.